आठचा आकडा

जे कॉलेज पुढच्या वर्षी असणारच नव्हतं, त्याची पुढच्या वर्षीची ध्येयं सांगायला मार्लिस टॉफ्टी गुरुवारी सकाळी हॉटेलच्या सभागृहात वेळेआधी येऊन बसली. सभेला वेळेआधी येणं हे तिचं गेल्या वर्षीचं ध्येय होतं.

ऑस्टवेल कॉलेजात ती क्रीडाप्रमुख होती आणि मुलींच्या सॉफ्टबॉल संघाची कोचही. कॉलेज लहान, त्यामुळे खुर्च्या दोन आणि माणूस एक. मैदानावर घालायला नवे बूट हवेत म्हणून कोच मार्लिस दर हिवाळ्यात अर्ज करायची आणि प्रमुख मार्लिस तो दर हिवाळ्यात नाकारायची. दोघींचं कधी भांडण झालं नाही. तेवीस वर्षं अशी सुखात गेली होती.

मंगळवारी कॉलेजचे अध्यक्ष डॉ. व्हिटलो यांनी तिला बोलावलं आणि पेपरमिंटच्या गोळ्यांचं भांडं पुढे सरकवलं. ते भांडं पुढे आलं की काहीतरी जातं, हे कॉलेजात सगळ्यांना माहीत होतं. कुस्तीचा संघ गेला तेव्हा आलं होतं, जर्मन भाषा गेली तेव्हा आलं होतं.

"उन्हाळ्यात आपण बंद होतोय," डॉ. व्हिटलो म्हणाले. "जाहीर मे महिन्यात करू. तोवर कुणाजवळ बोलायचं नाही. मुलींजवळ तर नाहीच."

"मेपर्यंत बाकीच्या कॉलेजांतल्या जागा भरलेल्या असतात, सर. फीची सवलतही वाटून संपलेली असते. पोरी जातील कुठे?"

"ते दुर्दैवी आहे," डॉ. व्हिटलो म्हणाले आणि थोडा वेळ दुर्दैवी चेहरा करून बसले. "आणि मार्लिस, तुम्ही बोललात तर निरोपाचा वर्षभराचा पगार मिळणार नाही. हे मी म्हणत नाही, वकील म्हणतात."

मार्लिसने एक गोळी घेतली. तिला चव लागली नाही.

तेव्हापासून हे असं होतं. दाढ काढण्याआधी डॉक्टर हिरडीत देतात ते इंजेक्शन कुणीतरी तिच्या सबंध अंगाला दिलं होतं. बुधवारी सरावात चेंडू येऊन नडगीवर बसला, तर तिने तो शांतपणे उचलून परत टाकला. मुली एकमेकींकडे बघत राहिल्या. संघातल्या सहा जणी यंदा पदवी घेऊन आपापल्या वाटेला लागणार होत्या. उरत होत्या आठ. त्या आठ जणी पुढच्या वर्षी कॅप्टन कोण यावरून आत्ताच रुसल्या होत्या.

कॉन्फरन्स म्हणजे भावकी. मिनेसोटाच्या या कोपऱ्यातली नऊ कॉलेजं वर्षभर एकमेकांशी खेळायची, एकमेकांचे खेळाडू पळवायची, पंचांवरून कोर्टाची भाषा करायची आणि मार्च महिन्यात एका हॉटेलात जमून एकाच ट्रेमधला हॉटडिश, म्हणजे बटाटे नि खिम्याचा भाजलेला थर, खायची. यंदा भावकीने ध्येयं ठरवायला डेन्व्हरहून एक सल्लागार आणवला होता. त्याचं नाव ट्रेंटन साइल्स. कानाला माइक, पायांत मोजे नाहीत. त्याने भिंतीवर मोठ्या अक्षरांत कापड लावलं होतं : पाच वर्षांत नऊचे बारा.

"बारा तर केव्हाच वाजलेत," मार्लिसच्या शेजारच्या खुर्चीत बसत लॉएल ब्रंक म्हणाला. केस्लर कॉलेजचा हा क्रीडाप्रमुख आणि सॉफ्टबॉलचा कोच. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. ऑस्टवेल आणि केस्लर यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर होतं आणि लॉएल ते नोकरीचा भाग म्हणून नेमाने पाळायचा. "काय गं, आज चेहरा असा का? हॉटडिश सांडला कुठे?"

"झोप नाही झाली."

"होईल कशी? एप्रिलमध्ये आम्ही येतोय तुमच्याकडे."

मार्लिसने कॉफी ढवळली. लॉएलने जरा वाट पाहिली. टोमण्याला टोमणा आला नाही म्हणून त्याने संशयाने तिच्या कॉफीत डोकावून पाहिलं.

आधी गेल्या वर्षीच्या ध्येयांचा हिशेब झाला. जमलं त्याला हिरवी टिकली, अर्धवट जमलं त्याला पिवळी, नाही जमलं त्याला लाल. एका कॉलेजाने 'खिलाडूवृत्ती वाढवणे' या ध्येयाला हिरवी टिकली मागितली. दुसऱ्याने उठून त्या खिलाडूवृत्तीने फोडलेला स्वतःच्या पंचाचा चष्मा दाखवला. पिवळीवर तडजोड झाली.

"ऑस्टवेल," ट्रेंटनने वाचलं. "स्कोअरबोर्डावरचा आठचा आकडा दुरुस्त करणे. हे काय आहे, कोच?"

"आठच्या मधली आडवी पट्टी पेटत नाही," मार्लिस म्हणाली. "आठ झाले की शून्य दिसतं."

"फक्त पाहुण्यांच्या बाजूला!" लॉएल उसळला. "आम्ही आठ-दोन जिंकलो, आणि पेपरात फोटो काय? शून्य-दोन! माझ्या सासूने फोन करून सांत्वन केलं!"

सभागृह हसलं. लाल टिकली लागली. एरवी मार्लिसही हसली असती. तो बोर्ड दुरुस्त न करण्यामागे तिची गेली चार वर्षं मेहनत होती. आज तिला हसू कुठल्या बाजूने येतं तेच आठवेना.

मग पुढच्या वर्षीची ध्येयं. एकेकाने उभं राहून सांगायची, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. मार्लिसची पाळी आली तेव्हा तिने कार्डावरून वाचलं, "वीस सामने जिंकणे. मुलींचे गुण वाढवणे. आठचा आकडा दुरुस्त करणे."

ट्रेंटनने मान हलवली. त्याला या वाक्यांत जीव दिसला नाही, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही.

"हे गोलगोल आहे, कोच. कार्ड बाजूला ठेवा. डोळे मिटा. पुढच्या वर्षी याच दिवशी नेमकं काय झालेलं असलं, तर तुम्ही म्हणाल की जमलं?"

मार्लिसने डोळे मिटले. तिचा काही बेत नव्हता. वकील, पगार, पेपरमिंट सगळं डोक्यात होतं, पण लांबच्या खोलीत कुणाचा तरी रेडिओ चालू असावा तसं. तिला एवढंच कळलं की माणसाने साधा प्रश्न विचारलाय आणि त्याचं उत्तर तिला येतंय.

"माझ्या आठ मुली खेळत असतील," ती म्हणाली.

"कुठे?"

"इथे बसलेल्यांपैकी कुणाकुणाकडे."

"छान! मोजता येईल?"

"आठ."

"मुदत?"

"या महिन्याअखेर. नंतर तुमच्याकडच्या जागा भरतात."

"याला म्हणतात ध्येय!" ट्रेंटन ओरडला. "नेमकं! मोजता येणारं! मुदतीचं! सकाळपासून मी हेच मागतोय!" आणि आनंदाच्या भरात त्याने काम व्हायच्या आधीच हिरवी टिकली काढून तिच्या बाहीवर चिकटवली. त्याने टाळ्या सुरू केल्या. बराच वेळ तो एकटाच वाजवत होता.

कारण बाकी सगळे कोच होते. कोच माणूस अंगातली किडनी देईल, पण आठ चांगले खेळाडू शेजाऱ्याला देणार नाही. आणि देत असेल, तर त्याच्याकडे त्यांना ठेवायला मैदान उरलेलं नाही. एवढं गणित त्या खोलीत सगळ्यांना येत होतं. मागच्या रांगेत कुणीतरी चमचा बशीत ठेवला, तो ऐकू आला.

लॉएलने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"कॅचर कोण तुझी?" त्याने विचारलं. आवाज खाली होता. लॉएलचा असा आवाज आहे हे पुष्कळांना त्या दिवशी कळलं. "ती सोलुमची पोर ना?"

"ब्रिटा."

"गेल्या वर्षी शेवटच्या डावात माझ्या दोघींना बाद केलं तिने. घरी जाऊन मी कुत्र्यावर ओरडलो." त्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "घेतो."

मग पलीकडून एकीने चेंडू टाकणारी पिचर मागितली. एकाने डावखुरी आहे का विचारलं. दोन कॉलेजांत मधला चेंडू अडवणाऱ्या एकाच शॉर्टस्टॉपवरून जुंपली आणि क्षणभर खोली नेहमीसारखी झाली. 'बंद' हा शब्द कुणी उच्चारला नाही. इतिवृत्त लिहिणाऱ्या बाईंनी हळूच विचारलं, "मी काय लिहू?" कॉन्फरन्सचे कमिशनर छताकडे बघत म्हणाले, "ध्येयनिश्चिती चालू आहे, असं लिहा."

सात झाल्या. मार्लिसने आठवं नाव घेतलं, "कॅली रिंगडाल."

"खेळते कुठे?" कुणीतरी विचारलं.

"बाकावर."

"आणि बाकावर काय करते?"

"ओरडते. गाणी रचते. तिला चेंडू मारता येत नाही, तीन वर्षांत एकदाही लागलेला नाही. पण एकही सराव चुकवला नाही."

कोच मंडळी आपापल्या कॉफीकडे बघू लागली. मार्लिस उभीच होती. गुडघे दुखत असणार, असं तिला वाटलं.

"गेल्या वर्षी माझ्या पोटावर गाणं म्हटलं होतं तुमच्या बाकाने," लॉएल म्हणाला. "ते तिचं?"

"हो."

"तिन्ही कडवी?"

"चार होती. चौथं मी म्हणू दिलं नाही."

लॉएलने टोपीची कड चाचपली. "चाल चांगली होती," तो म्हणाला. "महिनाभर माझ्या डोक्यातून जाईना. दे ती पण. आणि तो स्कोअरबोर्ड दे."

"तो कशाला?"

"आमच्यावरही कधीतरी कुणी आठ चढवतं, बाई."

दुपारी पार्किंगमध्ये बर्फ वितळून चिखल झाला होता. मार्लिस गाडीत बसली तोच फोन वाजला. भावकीत बातमी हॉटडिशपेक्षा लवकर गार होते, पण डॉ. व्हिटलोंपर्यंत ती गरम असतानाच पोचली होती.

"मार्लिस, तिथे तुम्ही काही बोललात का?"

"पुढच्या वर्षीचं ध्येय सांगायला सांगितलं, सर. सांगितलं."

"कुठलं ध्येय?"

"मोजता येणारं."

पलीकडे गोळ्यांचं भांडं सरकल्याचा आवाज आला. "वकील..." डॉ. व्हिटलो म्हणाले.

"हो, सर," मार्लिस म्हणाली आणि फोन ठेवला.

वर्षाचा पगार गेला होता. आठही पोरी मार्गी लागल्या होत्या, आणि उद्या त्यांना बसवून हे सांगायचं होतं. यातल्या एका तरी गोष्टीचं काहीतरी वाटेल म्हणून ती गाडी सुरू न करता थांबली. दाढेचं इंजेक्शन उतरलं का बघतात तशी जीभ गालाच्या आतून फिरवून पाहिली. काही नाही. बाहीवरची हिरवी टिकली पाहिली. काही नाही.

मग डाव्या पायाच्या अंगठ्याला गार लागलं. तिने वाकून पाहिलं. बुटाचा तळ उसवला होता आणि वितळलेलं पाणी आत शिरलं होतं. कोच मार्लिसने बदलून मागितलेले आणि प्रमुख मार्लिसने कधीच बदलून न दिलेले तेच जुने बूट. पाणी चांगलंच बोचत होतं. ती पाय तसाच ठेवून बसली.