इरल्याला भुंकणारं कुत्रं

गंगव्वानं आमच्या दारात उभं राहून सांगितलं, "आक्का, एक तर तुझं कुत्रं, न्हायतर आमचा पैरा. दोन्ही एका शिवारात चालायचं न्हाय."

आणीबाणी उठली, त्याच्या दुसऱ्या वर्षाची ही गोष्ट. आमच्याकडं खानापूरच्या अंगाला भाताची लावणी पैऱ्यानं होते. आज गंगव्वा धरून बारा बायका माझ्या चिखलात, उद्या मी आणि माझी सून त्यांच्या चिखलात. त्या आल्या न्हाईत, तर तरवा, म्हणजे लावायची रोपं, जागेवर पिवळा पडतो. आणि आमच्या टिक्यानं आदल्याच दिवशी गंगव्वाच्या इरल्याचा लचका तोडलेला. बाई चिखलात बसली, ती उठेपर्यंत बाकीच्या खिदळत होत्या, म्हणून राग जास्त.

बांबूच्या कामट्या आणि पानं विणून केलेलं इरलं पावसात डोक्यापासून पाठीपर्यंत घातलं, की माणूस माणूस दिसत न्हाय, चालती झोपडी दिसते. टिक्या एरवी गरीब. पोस्टमनपुढंही शेपूट हलवणार. पण इरलं दिसलं की अंगात आल्यागत करायचा. माझा लेक परशराम त्याला दर वेळी काठीनं झोडपायचा, आणि तो दर वेळी जास्त खवळायचा.

"उद्या कणकुंबीच्या रानात सोडून येतो," परशराम म्हणाला.

मी व्हय म्हणणार, तेवढ्यात भाकरी थापता थापता शालू बोलली. माझी सून ही, निपाणीची, लग्नाला वरीस झालेलं. "आत्ती, ते भ्यालंय. माजलेलं न्हाय."

"भ्यालेलं कुत्रं मागं पळतंय, पुढं न्हाय."

"मागं वाट असली तर पळंल. मागं काठी घिऊन हे उभे. लांबनं इरलं दिसलं की बघा, जांभया देतंय, ओठ चाटतंय."

"झोप आली असंल."

"झोपंला कुणी शेपूट पोटात घालत न्हाय, आत्ती."

"लई शहाणी! निपाणीत कुत्र्यांची शाळा हाय काय गं?"

"न्हाय. माझा बा तंबाखूच्या वखारीवर राखणीला हुता. चार कुत्री हुती. एकावरबी हात उचलला न्हाय, पर शीळ घातली की चारी हजर."

मला माझ्या म्हशी आठवल्या. पहिल्या वेताची म्हैस लाथा झाडते, तेव्हा मी काय करते? कासेला हात लावायच्या आधी चार दिवस पाठ खाजवते, पेंड चारते. काठी दाखवली तर ती पान्हा चोरते. पाच गावच्या लाथाळ म्हशी माझ्याकडं आणतात. मग कुत्र्यालाच काठी कशाला? हे सुनेच्या आधी मला सुचायला पायजे होतं.

दारातच उभ्या असलेल्या गंगव्वाला म्हटलं, "माझी लावणी शेवटाला ठेव. पुढच्या गुरुवारी त्यानं इरल्याला तोंड लावलं, तर कणकुंबीला मीच पोचवीन."

"नऊ दिसांत? बघू," गंगव्वा म्हणाली आणि चिखलाचे पाय आपटत गेली.

शालूनं इरलं अंगणाच्या पार टोकाला उताणं ठेवलं. टिक्या ह्या टोकाला, मोकळा. एवढ्या लांबनं त्यानं नुसते कान टवकारले, तेवढ्यात हिनं सुक्या बोंबलाचा तुकडा टाकला. इरलं दिसलं की बोंबील, इरलं झाकलं की बोंबील बंद. रोज चार पावलं जवळ.

तिसऱ्या दिवशी परशरामाला घाई सुटली. त्यानं दोरी बांधून टिक्याला इरल्यापर्यंत फरफटत नेलं. कुत्रं बैलगाडीखाली शिरलं ते संध्याकाळपर्यंत बोंबलालाही बाहेर येईना.

"तुला पोहायला शिकवताना मी विहिरीत ढकललं न्हवतं," मी त्याला म्हटलं. "परत दोरीला हात लावलास, तर तुझं ताट गाडीखाली वाढीन."

दुसऱ्या दिवशी इरलं पुन्हा पार टोकाला. पहिल्यापासनं.

सातव्या दिवशी इरलं मी अंगावर घेतलं, आणि शालूचे हुकूम सुरू झाले. "त्याच्याकडं तोंड करू नका, आत्ती. तिरक्या बसा. डोळ्यांत बघू नका. हात खाली." ह्या घरात आल्यापासनं तीस वर्षांत मला कुठं बघावं हे कुणी सांगितलं न्हवतं. बसले.

तसं बसल्यावर एकदम आठवलं. गेल्या पावसात टिक्या वीतभर पिल्लू होता. मी शेतातनं आले, इरलं अंगावरच, आणि ह्यानं दह्याच्या मडक्यात तोंड घातलेलं. केरसुणीनं बडवला. मग इरलं खुंटीला लावलं, आणि ते थरथरणारं पिल्लू मांडीवर घेतलं. म्हणजे त्याच्या लेखी मारलं ते इरल्यानं, उचललं ते मी! वर्षभर बिचारा माझ्यापासनंच मला राखत होता. शालूला हे सांगितलं न्हाय. सुनेला सगळंच सांगायचं नसतं.

"टिक्या, ये रं," मी आतनं हाक मारली.

तो थबकला. पोट जमिनीला घासत आला, इरल्याची कड हुंगली, शिंकला, आणि नाक आत खुपसून माझा गुडघा शोधून काढला.

गुरुवारी बांधावर बारा इरली ओळीनं. परशरामाला हात मोकळे ठेवून लांब उभा केला. टिक्यानं जांभई दिली. शालू लगेच त्याला चार पावलं मागं घेऊन गेली, अंग सैल होईपर्यंत थांबली. मग गंगव्वा पुढं आली, तिरकी तिरकी, शालूनं शिकवल्याप्रमाणं बोंबील टाकत.

"टिक्या, म्या हाय रं, गंगव्वा."

त्यानं बोंबील खाल्ला, तिचा पाय हुंगला, आणि शालूजवळ जाऊन बांधावर पसरला. बायका चिखलात उतरल्या, त्यांच्यामागनं मी आणि शालू.

"आक्का, कसं गं केलंस?" गंगव्वानं वाकल्या वाकल्या विचारलं. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या.

"मी नुसती बसलेते," मी म्हटलं. "केलं ते माझ्या सुनेनं."

शालू लाजून हसली. मी तिला म्हटलं, "हसतीस काय? तुझी ओळ वाकडी चाललीया."