केशवरावांचे तीन ठोके

मित्रांनो, आमच्या धरमपेठेच्या गल्लीतला सगळा धर्म गेली एकतीस वर्षे माझ्या आधाराने उभा आहे. मला पाय चार आहेत. त्यातले तीन कामाचे.

मी पोथी ठेवायचे बैठे मेज. पारशिवनीच्या एका सुताराने मला सागवानात घडवले आणि पाठ थोपटून म्हणाला, "हे आता हालत नाही." बावीस वर्षे मी त्याचा शब्द पाळला. लोक पोथीला नमस्कार करत, त्यातला निम्मा आपलाच असे मी धरून चालत असे. मग एका उन्हाळ्यात कूलरचे पाणी सांडले. माझा पुढचा उजवा पाय फुगला, वाळला आणि सांध्यात ढिला झाला. तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही. कुणी पान उलटले तरी धस्स होते.

दर गुरुवारी केशवराव गल्लीच्या सभागृहात पोथी सांगतात. निवृत्त हेडक्लार्क, अक्षर सुंदर, स्वभाव भिडस्त. पाय हलू लागला तेव्हा ते बसण्याआधी माझ्या कोपऱ्यावर मुठीने तीन ठोके मारू लागले. पाय बसे, तासभर निभे.

पुढच्याच गुरुवारी नेमाने पोथी ऐकणाऱ्या चंपतरावांनी येऊन तीन ठोके मारले, हात कपाळाला लावला आणि मग बसले. वर्षभरात सगळेच ठोकू लागले. आता त्या पायाला दर आठवड्याला शंभरेक ठोके पडतात. सुतार चंद्रभान दोनदा येऊन गेला. "पाय पक्का केला तर आम्ही ठोकायचं कशाले गा?" असे विचारून चंपतरावांनी त्याला दोन्ही वेळा परत पाठवला. केशवराव चष्मा पुसत राहिले.

गेल्या गुरुवारी ठोक्यांची कीर्ती ऐकून सावनेरहून शोभाताई आल्या. त्यांनी एकवीस ठोके मारले. माझा सांधा करकरला.

"एवढे?" केशवरावांनी विचारले.

"डॉक्टर म्हणून राहिले, काचबिंदू आहे, आपरेशन लवकर करा, नाहीतर नजर जाईन. मी म्हटलं, आधी पाच गुरुवार ठोकून पाहू. तुम्हीच तर सुरू केलं नं, भाऊजी."

केशवरावांचा चेहरा पडला. त्या दिवशीचा श्लोक नेमका असा होता: मोठा माणूस जे करतो, तेच बाकीचे करतात; तो ज्याला प्रमाण मानतो, त्याच्या मागे सगळे जातात. केशवरावांनी श्लोक वाचला, अर्थ सांगायला तोंड उघडले आणि पुन्हा चष्मा पुसायला घेतला.

शेवटी मागून त्यांच्या पत्नी यमुताई म्हणाल्या, "सांगा ना अर्थ! नऊ वर्षं तो अर्थ सगळ्यांसमोर ठोकून राहिले तुम्ही!"

केशवराव उठले. "शोभाताई, या मेजाचा पाय हलतो. म्हणून मी ठोकत होतो. बाकी त्यात काही नाही. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं." आणि त्यांनी दोन्ही कान पकडले.

मग चंपतरावांनी कान पकडले. मग पहिल्या रांगेने. मग सगळ्यांनी.

"कान सोडा!" केशवराव ओरडले. "ताई, उद्याच दवाखान्यात चला. मी येतो संगं."

दुसऱ्या दिवशी केशवराव गेले, म्हणून सतरा जण गेले. दवाखान्यातल्या खुर्च्या पुरल्या नाहीत. चंपतराव तर डॉक्टरांच्या टेबलाला टेकून उभे राहिले. चार दिवसांनी ऑपरेशन झाले. गेली ती नजर परत येणार नाही, उरलेली टिकेल, असे डॉक्टर म्हणाले. आणखी महिनाभर थांबल्या असत्या तर तीही गेली असती.

मित्रांनो, ज्याच्यावर लोक भार टाकतात त्याने हलू नये. आणि हललाच तर तसे सांगावे. हे मी अनुभवाने सांगतो आहे, पोथीखाली बसून.

फक्त एक झाले. केशवराव दवाखान्यात गेले त्याच दिवशी त्यांनी बोलावलेला चंद्रभान पाय बसवायला आला होता. सगळे दवाखान्यात, सभागृहाला कुलूप. तो परत गेला. किल्ली सभागृह झाडणाऱ्या मार्तंडकडे असते. कुणीतरी त्याला तेवढा एक फोन करा.