सासूबाईंची पट्टी

आमच्या चर्चच्या क्वायरमध्ये आल्टोवाल्यांना, म्हणजे खालच्या आवाजात गाणाऱ्या आम्हा बायकांना, काळं कुत्रं विचारत नाही. दिवसभर औषधांच्या दुकानात उभं राहायचं, घरी येऊन स्वयंपाक उरकायचा, सरावाला धावायचं आणि तिथे मागच्या रांगेत घुमत बसायचं. त्यातून गेली काही वर्षं आमचे सूर इतके खाली जायला लागले होते की ओळीच्या शेवटी नुसतीच हवा बाहेर यायची. रांगेतली शेजारची नर्स म्हणाली, आपलं वय झालं. दमलेल्या माणसाला काहीही पटतं, मलाही पटलं.

वय आमचं नव्हतं झालं, सासूबाईंचं झालं होतं. उपदेशाच्या आधीचं गीत त्या एकट्या उचलायच्या आणि आम्ही मागून यायचो. कीबोर्डवर सासरे. ते घड्याळं दुरुस्त करतात, त्यामुळे बारीक बटणांशी त्यांचा जुना घरोबा. एकदा कीबोर्ड पुसताना मला त्याच्या काचेवर ‘उणे चार’ दिसलं आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ते बटण दाबलं की बोटं नेहमीच्याच जागी राहतात, पट्टी मात्र खाली उतरते. बायकोचा गळा जसजसा बसत गेला तसतशी सासऱ्यांनी पट्टी उतरवत नेली होती. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, तिला कळू देऊ नकोस, गाणं सुटलं तर ती अंथरूण धरेल. मी तोंडाला कुलूप लावलं.

जड जायचं ते साक्षीच्या वेळी. देवानं आपल्यासाठी काय केलं हे ज्याला सांगायचं असेल, तो उपासनेत उभा राहून सांगतो. सासूबाई वाढदिवसाच्या रविवारी न चुकता उठायच्या. या वयातही प्रभूनं माझा आवाज जसाच्या तसा राखलाय, म्हणायच्या. मंडळीत दुखणाईत माणसं असत, ती डोळे पुसायची. सासरे तेव्हा कीबोर्डची वायर न्याहाळत बसायचे.

मग नवे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आले. त्यांची बायको गिटार वाजवते हे कळल्यावर सगळ्यांना आनंदाचं भरतं आलं, पण तिला आधी सरावाला बोलवावं हे काही कुणाला सुचलं नाही. रविवारी ती गीतांचं पुस्तक उघडून बसली, सासूबाईंनी सुरुवात केली आणि तिनं पुस्तकातल्या पट्टीत तारा छेडल्या. दोन गाणी एकमेकांच्या उरावर बसावीत तसा आवाज झाला. पाळकीणबाई बिचाऱ्या पुस्तकात बघून वाजवतच राहिल्या. नवखीची फजिती नको म्हणून असेल, पहिलं कडवं संपताच सासऱ्यांनी बटण दाबून पट्टी जागेवर आणली.

दुसऱ्या कडव्याची वरच्या सुरांची ओळ आली. सासूबाईंनी तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. दुसऱ्यांदा आला तो चिरका. आम्ही आल्टोवाल्या मात्र कित्येक दिवसांनी मोकळ्या गळ्यानं गात होतो. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

घरी आल्यावर ताटं वाढलेली तशीच राहिली. हे कधीपासून चाललंय, एवढंच सासूबाईंनी विचारलं. सासऱ्यांनी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील.

"आवाज गेला त्याचं काही नाही हो," त्या म्हणाल्या. "पण देवाच्या घरात उभी राहून मी खोटी साक्ष दिली. आणि तुम्ही तिथे बसून ऐकत होतात."

"सांगायला जीभ रेटली नाही गं," सासरे म्हणाले.

सासूबाई भांडी घासताना गुणगुणतात, ते आठवडाभर बंद होतं. सासरे दुकानातून येऊन भिंतीकडे बघत बसत. कीबोर्ड दुसऱ्या कुणाला तरी द्या, असं पाळकांना सांगतो म्हणाले. त्यांचं सांगणं राहूनच गेलं आणि रविवार आला.

साक्षीच्या वेळी सासूबाई उठल्या.

"माझा आवाज गेलाय," त्या म्हणाल्या. "जाऊन बरेच दिवस झाले. प्रभूनं राखलाय म्हणून मी सांगत होते, ते खरं नव्हतं. माझा नवरा सांभाळून घेत होता आणि मला ते कळलं नाही. माझं ऐकून कुणी आशा धरली असेल, तर मला क्षमा करा."

सासूबाई आपली पुढची जागा सोडून सरळ मागे आमच्या रांगेत आल्या. नर्स सरकली. कीबोर्डपाशी सासऱ्यांचं बोट सवयीनं त्या बटणाकडे गेलं.

"अहो, राहू द्या," सासूबाई मागूनच म्हणाल्या. "लिहिलंय तिथंच वाजवा."

सासरे वाजवायला लागले. सासूबाईंना खालचे सूर सापडेनात. जन्मभर वर गायलेल्या, त्या चाचपडत होत्या. त्यांनी माझी बाही धरली. माझे पाय सुजले होते, घसा आठवडाभर धरलेला होता. तरी मी जरा मोठ्यानं गायले, त्यांना ऐकू यावं म्हणून.