पिन सैल आहे

तिहोमीरने भिंतीतला चार्जर उपटला, पिनेवर फुंकर मारली आणि पुन्हा खोचला. हातातल्या व्हिडिओ गेमच्या पडद्यावर बॅटरीचं चित्र क्षणभर उमटलं आणि विझलं.

"माझ्या मोबाइलचा आहे हा. याने नाही व्हायचं," तो पुटपुटला.

त्याचे सासरे ब्लाझ शेजारच्या खुर्चीवरून उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. सकाळपासून हेच चाललं होतं. ओसियेक शहरात जन्मभर ट्राम चालवलेला हा माणूस हॉस्पिटलच्या त्या बोळकंडीत ठरावीक फरशांवरूनच ये-जा करत होता.

"आत माझ्या पोरीचं डोकं उघडलंय, आणि तुला खेळ सुचतोय!"

"माझा नाही, बाबा. व्लास्ताचा आहे. आत नेताना म्हणाली, शुद्धीवर आले की मला हा चालू हवा. आणि घाईत मी याचा चार्जर घरीच विसरलो."

"मग सांग तिला, विसरलो म्हणून."

"सांगीन," तिहोमीर म्हणाला, आणि मान वळवून उगाच वायरचा पीळ सोडवू लागला.

मग तो खाली कँटीनमध्ये गेला. गल्ल्यावरच्या बाईने खणातून एक जुनाट चार्जर काढून दिला. दिवा लागला, पण पडद्यावर 'चार्जिंग मंद' अशी सूचना आली आणि गेम सुरू करताच होती ती बॅटरीही उतरायला लागली. वर परत आला तर एक मुलगी लॅपटॉप मांडून बसली होती. तिचा चार्जर मात्र चालला. आकडा भराभर चढू लागला. तेवढ्यात तिला आतून बोलावणं आलं. "माफ करा हं," म्हणत तिने वायर गुंडाळली आणि ती निघून गेली.

तिहोमीर बंद दाराकडे बघत बसला. ब्लाझनी घसा खाकरला, आपली टोपी त्याच्या मांडीवर टाकली आणि जिना चढून गेले.

बऱ्याच वेळाने ते धापा टाकत परतले. हातात विटेएवढा काळा चार्जर होता.

"कुठून आणलात?"

"विचारलं लोकांना." अनोळखी गावात रस्ता चुकला तरी कुणाला विचारायचे नाहीत ते. "वर एक पाद्री पाय मोडून पडलाय. त्याच्या लॅपटॉपचा आहे. व्लास्तासाठी प्रार्थना करतो म्हणाला. म्हटलं, ती करा सावकाश, आधी चार्जर द्या."

तिहोमीरला हसू फुटलं. ते जरा जास्तच वेळ टिकलं, म्हणून त्याने तोंडावर हात धरला.

पिन खोचताच दिवा लागला. वायरला धक्का लागल्यावर एकदा लुकलुकला.

"पिन सैल आहे. दे इकडे, मी धरतो," ब्लाझ म्हणाले. यंत्र मांडीवर घेऊन त्यांनी पिनेवर अंगठा दाबला आणि सकाळपासून पहिल्यांदाच नीट टेकून बसले.

दार उघडलं. हिरवी टोपी घातलेल्या डॉक्टरीणबाईंनी व्लास्ताचं नाव घेतलं.

तिहोमीर उठला. "बाबा, चला."

"तू जा. मी हात काढला की बंद पडेल हे."

व्लास्ताची आई गेली तेव्हाही डॉक्टर याच दारातून बाहेर आले होते. त्या दिवशी ब्लाझ सगळ्यांच्या पुढे धावले होते.

तिहोमीरने खाली पाहिलं. म्हाताऱ्याचा अंगठा केव्हाच पिनेवरून घसरून बाजूला आला होता. दिवा स्थिर जळत होता.

"बरोबर आहे," तिहोमीर म्हणाला. "धरून ठेवा." आणि तो एकटाच पुढे गेला.

परत आला तेव्हा ब्लाझनी वर पाहिलं नाही. ते पडद्यावरच्या आकड्याकडे डोळे लावून बसले होते. तिहोमीर त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि त्यांच्या मुठीवर त्याने हात ठेवला.

"गाठ निघाली, बाबा. सगळी. डोळे उघडलेत तिने, मला नावाने हाक मारली. आता सोडा ते."

ब्लाझनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा. मूठ मात्र सुटेना.

"थांब जरा," ते म्हणाले. "पूर्ण भरू दे."