ऑफ तासांची वही

"त्या तुम्हाला नाही म्हणणार नाहीत, सर," उन्मेष फोनवर म्हणाला. तो आमच्या शाळेचा आताचा मुख्याध्यापक. दहावीची सराव परीक्षा तोंडावर आली होती आणि गणिताच्या कुसुमताई रजेवर होत्या. डॉक्टरांनी महिनाभर विश्रांती सांगितलेली. आज आठवा दिवस. 'त्यांना समजावून परत आणा,' एवढंच माझं काम. मलाही कुणाला नाही म्हणता येत नाही. हुडकेश्वरला त्यांच्या घरी गेलो.

दार त्यांच्या यजमानांनी, नत्थूजींनी उघडलं. "या सर. शाळेनं आता पेन्शनर पाठवले काय?"

कुसुमताईंचा आवाज पार बसला होता. "झोप नाही लागत, सर. डोळे मिटले का घंटा ऐकू येते." त्या चहासाठी उठू लागल्या.

"बस वं!" नत्थूजी ओरडले. "मी ठेवतो."

निरोप ओठावर होता, पण मला ती वही आठवली. अकरा वर्षं मी मुख्याध्यापक होतो. कुणी गैरहजर असलं की त्याच्या वर्गावर कुणी जायचं, ते मी रोज सकाळी ऑफ तासांच्या वहीत लिहायचो. शिपाई ती सहीसाठी फिरवायचा. बाकीचे शिक्षक वही घेऊन भांडायला यायचे. कुसुमताई मुकाट सही करायच्या. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांचंच नाव. भांडण टळलं की मी निवांत पुस्तक उघडायचो.

हे सगळं मी अडखळत, चहाच्या कपाकडे बघत सांगून टाकलं.

"मले माहीत होतं, सर," त्या म्हणाल्या. "मी तर वाट पाहून राहिली होती. एखाद्या दिवशी तरी विचाराल, 'ताई, जमते का?' म्हणून."

मी कप खाली ठेवला.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. उन्मेषचाच. त्यांचा हात सवयीनं पुढे गेला.

"द्या इकडे," मी म्हणालो. "उन्मेष, मी बोलतोय. त्या महिनाभर येणार नाहीत."

"मग उद्या दहावीच्या वर्गावर कोण जाणार, सर?"

"वहीत माझं नाव लिही."

"तुम्ही? तुम्ही तर मराठीचे!"

"वर्गात बसून राहीन. सही करीन."

फोन ठेवला. नत्थूजींनी कप उचलले. कुसुमताईंनी उशीला डोकं टेकून डोळे मिटले होते.

आत्ताही घंटा ऐकू येते का, हे विचारायचं माझ्या अगदी तोंडाशी आलं. नाही विचारलं.