दैवी लेसर आणि फणसाचं पान

कारापूरला देवीच्या देवळापुढच्या माटवात, म्हणजे मांडवात, त्या रविवारी सकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. गोवा राज्य झालं त्याला सतरा वर्षं होऊन गेली होती. तेवढ्या काळात शेजारच्या साखळी गावात बसगाड्या वाढल्या, दुकानं वाढली, आणि खाणीच्या ट्रकांची धूळ तर विचारूच नका. राहिली होती ती एकच उणीव, आणि ती नेत्रानंद महाराजांनी भरून काढली. ते दैवी लेसर घेऊन आले.

"शहरातले डॉक्टर डोळा सोलतात!" महाराज गरजले. "हा लेसर कापत नाही, जाळत नाही, दुखवत नाही. अठराव्या स्वर्गातला किरण आहे हा!"

अठरावा स्वर्ग कुठे लागतो हे कुणी विचारलं नाही. महाराजांच्या मुठीतून एक लाल ठिपका निघाला आणि समोरच्या माणसाच्या कपाळावर नाचला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात असले ठिपके चाव्यांच्या कडीला लावून विकतात. मग महाराजांच्या शिष्याने त्या माणसाच्या डोळ्याशी तांब्याची एक चकती धरली. तिच्या मधोमध टाचणीएवढं छिद्र होतं. तिला म्हणायचं नेत्रयंत्र.

"वाच समोरचा फलक!"

आणि चष्म्याविना चाचपडणारा तो माणूस फलक वाचू लागला! माटवात टाळ्यांचा कडकडाट झाला. उतरवलेला चष्मा देवीच्या तोरणात गेला. दोरीवर असे साठ-सत्तर चष्मे लटकत होते.

शेवटच्या रांगेत सत्यवती उभी होती. साखळीच्या हायस्कुलात ती विज्ञान शिकवायची, आणि तिच्या नाकावर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा होता. ती दर्शनाला आली नव्हती. तिला तोरणातला एक चष्मा परत हवा होता, तिच्या थोरल्या भावाचा.

शांताराम खनिजाचा ट्रक चालवायचा. खाणीपासून नदीच्या धक्क्यापर्यंत दिवसाला सहा खेपा, आणि प्रत्येक खेप शाळेच्या रस्त्यावरून. त्याचा चष्मा उणे चारचा. शनिवारी दुपारी तो महाराजांच्या माटवातून मोकळ्या नाकाने घरी आला होता.

"दादा, चश्मो खंय?"

"देवीक दिलो. म्हाका आतां सगळें दिसता गो." त्याने खिशातून महाराजांकडून मिळालेली चकती काढली. "आनी दिसना जालें जाल्यार हें आसा न्हय! एक हात स्टिअरिंगार, एक हात डोळ्यार."

 सत्यवतीने कागदावर चित्र काढून समजावलं, रागावली, शेवटी रडलीसुद्धा. शांताराम हटून बसला. "धमक आसा जाल्यार महाराजाच्या मुखार उलय," महाराजांसमोर बोलून दाखव, असं त्याचं आव्हान होतं. सोमवारी पहाटे त्याची पहिली खेप होती. हातात एवढा रविवारच होता, म्हणून ती आली होती.

महाराजांनी पुढचं गिऱ्हाईक बोलावलं तेव्हा ती गर्दीतून वाट काढत थेट पुढे गेली.

"महाराज, तुमच्या लेसरशिवाय मी हेच करून दाखवते."

 तिने कडेच्या फणसाचं एक जाड पान तोडलं, पदराची टाचणी काढली आणि पानाला भोक पाडलं. किराणा दुकानवाले गोकुळदास पहिल्याच रांगेत होते. चाळिशी लागून त्यांना दहा वर्षं झाली होती. तिने त्यांना चष्मा काढायला लावला आणि हातात काड्यापेटी दिली.

"ह्या भोकातून बारीक अक्षरं वाचा."

गोकुळदासांनी पान डोळ्याशी नेलं आणि उजेडाकडे वळून काड्यापेटीवरचा कारखान्याचा पत्ता पिनकोडासकट वाचला. "आरे देवा! हांवें तर दक्षिणाय दिवंक ना!"

दक्षिणा न देताच दिसलं म्हटल्यावर हशा पिकला. बघता बघता फणसाच्या खालच्या फांद्या बोडक्या झाल्या. कुणी टाचणी, कुणी झाडूचा हीर, ज्याला जे मिळेल त्याने भोकं पाडली. दहा-बारा जण फलक वाचू लागले.

"लांबून येणाऱ्या बसची पाटी वाचताना तुम्ही डोळे बारीक करता ना? तेच आहे हे," सत्यवती म्हणाली. "चष्मा लागलेल्या डोळ्यात चहूबाजूंनी शिरलेले किरण आत नेमके जुळत नाहीत, म्हणून अक्षर पसरतं. भोक बारीक केलं की कडेचे किरण बाहेरच राहतात आणि अक्षर नीट उठतं. डोळा बरा झालेला नसतो. पान बाजूला केलंत की होता तसाच!"

"माला न्हाई दिसत, बाई." हौसाबाई पान धरून उभी होती. कोल्हापूरकडची बाई, साखळीला बांधकामावर पाट्या वाहायची. "म्हाराजांच्या चकतीतनं बी दिसलं न्हाई. म्हाराज म्हनले, तुजी शरद्दा कमी."

"पाहा!" महाराजांना जोर चढला. "श्रद्धाहीनाला किरण लागत नाही!"

सत्यवतीने हौसाबाईची हनुवटी उजेडाकडे वळवली. दोन्ही बाहुल्यांत पांढुरकी छाया होती.

"मावशी, तुमच्या श्रद्धेत काही खोट नाही. काच धुरकटली असेल तर भोक पाडून काय होणार? हा मोतीबिंदू असावा. नक्की काय ते डॉक्टर सांगतील. त्याला ऑपरेशन असतं, मी येते तुमच्याबरोबर."

महाराजांनी शेवटचा बाण काढला. "दुसऱ्यांना शिकवतेस, मग तुझ्या नाकावर हे काय? तुझ्या डॉक्टरांच्या लेसरने हा चष्मा का नाही उतरला?"

लोक तिच्याकडे बघू लागले. लग्नाच्या बोलण्यांत हा चष्मा तिला चारदा आडवा आला होता. ती लाजेल असं महाराजांना वाटलं असावं. ती लाजली नाही.

"गेले होते लेसर करून घ्यायला," ती म्हणाली. "पणजीच्या डॉक्टरांनी माझ्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा यंत्राने मोजला. लेसर तो पडदा घासून त्याला नवा आकार देतो. माझा मुळातच पातळ निघाला. घासला तर पुढे फुगून नजर जाईल, म्हणून डॉक्टर म्हणाले, तुमच्यासाठी हे नाही, चष्माच वापरा. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्या दिवसापासून त्या माणसावर माझा विश्वास बसला. महाराज, तुम्ही आजवर एका तरी माणसाला सांगितलंत का, की माझा उपाय तुझ्यासाठी नाही?"



"पूण म्हाका दिसता!" शांताराम गर्दीतून पुढे आला. उजवा डोळा मिटून त्याने डाव्याला चकती लावली होती. "फलक वाचून दाखयतां!"

"वाच, दादा."

तो वाचू लागला. सत्यवतीने हात धरून हौसाबाईला गुपचूप त्याच्या डाव्या खांद्याशी उभं केलं.

"आता मान न वळवता सांग, तुझ्या डावीकडे कोण आहे?"

"कोण ना."

"चकती काढ."

त्याने ती काढली. वीतभर अंतरावर हौसाबाई उभी होती, हातात फणसाचं पान धरून.

"उद्या ट्रकात बसून असाच म्हणणार होतास, डावीकडे कोणी नाही म्हणून. शाळेची पोरं त्याच बाजूने चालतात, दादा."

 शांतारामने एकदा हौसाबाईकडे पाहिलं, मग सरळ तोरणाकडे गेला आणि आपला चष्मा सोडवू लागला. शिष्य आडवा आला. "देवीची वस्तू परत घेतलीस तर कोप होईल!"

"देवीक चश्मो कित्याक रे?" शांताराम ओरडला. "ती ट्रक चलयता?"

गर्दी तोरणावर तुटून पडली. आपापले चष्मे शोधताना एकमेकांचे नाकावर चढले, भांडणं झाली, हसणंही झालं. त्या गोंधळात महाराजांची जीप मागच्या वाटेने निघून गेली.

"आता दुसरा कोणी आला तर मलाही विचारू नका," सत्यवती घसा ताणून सांगत होती. "त्यालाच विचारा, तुमचा उपाय कुणाला चालत नाही? सगळ्यांना चालतो म्हणाला, तर चपला घाला आणि घरी या!"

शांतारामने शर्टाच्या टोकाने काचा पुसल्या, चष्मा चढवला आणि आधी डावीकडे बघितलं.

"मावशे," तो हौसाबाईला म्हणाला, "मंगळवारी हांव रजा घेतां. डॉक्टराकडे तुका हांव घेवन वतां."