उपाशी गोधडी

"ह्ये काचंत कशापायी घातलं, आक्का?" राहीबाईनं विचारलं.

छबूबाई पदरानं काचेवरचे डाग पुसू लागली. नगरच्या त्या शाळेच्या हॉलमध्ये महिला मंडळाच्या प्रदर्शनाचा आज शेवटचा दिवस होता. भिंतीवर तिची तीन कामं टांगलेली होती. गोणपाटाचा बैल, फुटक्या बांगड्यांचं लिंबाचं झाड आणि मधोमध ही गोधडी. बैल आणि झाड उघडेच होते. गोधडीला मात्र कालपासून सागवानी चौकट आणि काच बसली होती.

गोधडीवर तुडुंब भरलेली विहीर होती. काठाला चिंचोके, पायऱ्यांना कवड्या, रहाटाला तेलाच्या डब्याचा पत्रा. पाण्याच्या जागी मोरपंखी परकर आणि त्यावर बांगड्यांचे बारके बारके तुकडे टाचलेले, असे की खिडकीतून ऊन आलं की पाणी हलल्यासारखं वाटायचं. बहात्तर सालच्या दुष्काळातल्या त्या कार्तिकात एवढं पाणी तिसगावात कुणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. बघायला येणारी माणसं तिथवर आली की बोलायची थांबत.

परकर राहीबाईच्या मुक्ताचा होता. फाल्गुनात मढीच्या यात्रेत घेतलेला. आखाडात गोवरानं पोर गेली, तेव्हा तो पुरता विटलाही नव्हता. राहीबाई शेजारचीच. पंधरा दिवसांनी पदराखाली झाकून परकर घेऊन आली आणि म्हणाली होती, "आक्का, ह्याची गोधडी शिवून दे मला. ऊसतोडीला पाचटाच्या कोपीत थंडी लई आसती. तेवढीच माझ्यापाशी ऱ्हाईल."

छबूबाई शिवायला बसली तेव्हा प्रदर्शनासाठी घेतलेल्या गोधडीवरची विहीर अर्धी झालेली होती आणि पाणी काही केल्या जमत नव्हतं. निळं लुगडं लावून पाहिलं, हिरवा खण लावून पाहिला. मग सहज परकर वर ठेवला आणि पाणी आलं. त्या क्षणी तिला मुक्ताची आठवण झाली नाही, राहीची झाली नाही. पुढे कितीतरी सोमवार महादेवापुढे बसताना तिला हेच बोचत राहिलं, की त्या क्षणी आपल्याला फक्त पाणी दिसलं.

राहीला ती एवढंच म्हणाली होती, "परदर्शन झालं की तुझी तुला."

उद्या पहाटे राहीच्या टोळीचा ट्रक निघायचा होता, म्हणून राही आज गोधडी न्यायला तिच्याबरोबर आली होती. घडी बांधायला जुनं धोतरसुद्धा घेऊन.

मंडळाच्या पुष्पावतीबाई लगबगीनं आल्या. बाई मनानं चांगल्या. छबूबाईचं काम त्यांनीच पहिल्यांदा एका लग्नघरी पाहिलं होतं.

"छबूबाई, काच आवडली ना? जिल्ह्याच्या नव्या सभागृहात लागणार ही. आणि तुमच्या तिसगावच्या बाजारतळावरची भिंत तुमच्या कामासाठी मंजूर झाली बरं का. पौषात सुरू करू. अशीच विहीर, पण तीस फुटांची. येणारंजाणारं सगळं गाव बघेल."

"मंग मला कवा मिळंल?" राहीनं विचारलं.

"काय मिळेल?"

राहीनं काचेकडे बोट केलं. पुष्पावतीबाईंनी छबूबाईकडे पाहिलं. "तुम्ही गोधडी देण्याच्या कागदावर सही दिली होती ना? महिना झाला त्याला."

"दिली हुती."

"यांना सांगितलं नाहीत?"

"आज सांगू, उद्या सांगू करीत ऱ्हायले." छबूबाईचा आवाज तिचा तिलाच ऐकू येईना. "बाई, ही परत देता येत न्हाई का? म्या दुसरं काय बी करून देते."

"अहो, वर कळवून झालं. आता कसं काढणार? तुम्ही यांना दुसरी करून द्या की, याहून छान."

"परकर येकच व्हता," राही म्हणाली.

त्यात राग नव्हता. कुणी पत्ता विचारावा आणि सांगावा, तसं तिनं सांगितलं. राहीच्या खांद्यावर हात ठेवावा असं पुष्पावतीबाईंच्या मनात आलं असावं, पण तेवढ्यात कुणी हाक मारली आणि त्या गेल्या.

राही काचेच्या अगदी जवळ गेली. परकराच्या नाडीची जागा तिनं शोधून काढली. तिथं छबूबाईनं पाण्यातली एक लाट केली होती.

"घास तरी घातलाय न्हवं, आक्का?"

हाच प्रश्न येणार हे छबूबाईला घरून निघतानाच ठाऊक होतं. त्यांच्या गावाकडे गोधडीचं शेवटचं टोक शिवण्याआधी आत भाकरीचा घास ठेवतात. उपाशी गोधडी अंगावरच्या माणसाची झोप खाते, असं छबूबाईची आई सांगायची. आजवर तिनं शिवलेली एकही गोधडी घासावाचून राहिली नव्हती.

"न्हाई घातला."

"का?"

"बाई म्हनल्या, मुंग्या लागत्याल."

राहीनं हातातलं बोचकं सोडलं. रेशनवर मिळणाऱ्या मिलो ज्वारीची लाल भाकरी होती, एकच, दोघींपुरती म्हणून आणलेली. छबूबाईचा सोमवारचा उपास आहे हे ती विसरली होती. तिनं भाकरीचा घास मोडला आणि चौकटीच्या कडेनं बोटं फिरवू लागली. वरून, डावीकडून, खालून. पाठीमागे हात घालून पाहिला. सुताराचं काम पक्कं होतं. चारी बाजूंनी खिळे, कुठं फट नाही.

"ऱ्हाऊ दे, राहे," छबूबाई हलक्या आवाजात म्हणाली.

"पोरगी शेवटाला भाकर मागत हुती. वैदू म्हनला, गोवरात दिऊ नगा." राहीनं मूठ मिटली. "म्या न्हाई दिली."

येताना एस.टी.त दोघी शेजारी बसल्या. माफी मागायची तर कशाची म्हणून मागायची, परकराची, सहीची, की घासाची, ते छबूबाईला उलगडेना. राहीची मूठ मांडीवर तशीच मिटलेली होती.

तिसगावला उतरल्यावर बाजारतळावरची ती भिंत समोरच आली, ओबडधोबड दगडांची, कोरी. राही तिच्यापुढे थांबली.

"हितंच काढनार व्हय?"

"हितंच म्हनत्यात."

राहीनं छबूबाईचा हात ओढून घेतला आणि त्यावर घास ठेवला. घामानं तो मऊ झाला होता.

"हिला तरी उपाशी ठिवू नगंस," ती म्हणाली आणि धोतराची रिकामी घडी काखेत मारून घराकडे वळली.

त्या संध्याकाळी छबूबाईनं सोमवार सोडला नाही. पहाटे ट्रकचा आवाज आला, तेव्हा ती आपली अंगावरची गोधडी घेऊन धावत रस्त्यावर गेली. घास घातलेली, जुनी. राहीनं ती वरून हात खाली करून घेतली, पण खाली पाहिलं नाही.

पौषात गवंडी आला. भिंतीच्या तळाचा कोपरा लिंपायच्या आधी छबूबाईनं कनवटीची गाठ सोडली. घास वाळून लाल खड्यासारखा झाला होता. तो तिनं दोन दगडांच्या सांध्यात बोटानं आत सारला.

"बाई, भिंत बी जेवती काय तुमच्याकडं?" गवंडी हसून म्हणाला.

छबूबाईनं होकाराची मान हलवली. त्यानं थापी फिरवली. गिलावा वाळेपर्यंत ती तिथंच कोपऱ्याशी बसून राहिली.